क्षची किंमत ठेवा, पण दुसरीकडे

हे मार्गदर्शन नववी-दहावीच्या मुलांसाठी नाही. त्यांना शाळा आहे, क्लास आहे आणि क्लास बुडाला तर युट्यूब आहे. हे त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. रात्रीची जेवणं आटोपून जरा कुठे टेकावं, तोच वही पुढे होते, ‘बाबा, हे येतं का तुम्हाला?’ असा प्रश्न येतो, आणि ‘आमच्या वेळी वेगळं होतं’ हे उत्तर गेल्याच आठवड्यात वापरून झालेलं असतं. अशा सर्व नवशिक्यांनी पुढे वाचावं. आमच्या वेळीही हेच होतं. एकसामयिक समीकरणांत काहीही बदललेलं नाही. फक्त वडापाव महागला.

साहित्य: पेन्सिल एक, खोडरबर एक (नवा), कच्च्या कामासाठी मागच्या वर्षीच्या वहीतली उरलेली पानं आणि समीकरणं दोन. दोन अज्ञात गोष्टी शोधायच्या तर समीकरणं दोन लागतात, एकावर भागत नाही. नुसतंच ‘क्ष + य = ५०’ दिलं तर २५ आणि २५ बरोबर, १ आणि ४९ बरोबर, वजा १०० आणि १५० हेही बरोबर. मूल यातलं सगळ्यात सोपं उत्तर लिहील, दप्तर भरेल आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही.

आता गणित घ्या. एका हॉटेलात मित्रांच्या टोळक्याने ३ वडापाव आणि २ चहा घेतले, बिल झालं ८४ रुपये. शेजारच्या टेबलावर एका गृहस्थाने १ वडापाव खाल्ला आणि ४ चहा घेतले, त्याचं बिल ६८ रुपये. तर एका वडापावची आणि एका चहाची किंमत काढा.

‘भिंतीवर भावफलक असेल की!’ असं तुम्ही म्हणू नका, ते मूल म्हणेलच. शाब्दिक उदाहरणांतली माणसं भावफलक वाचत नाहीत, वेटरला विचारत नाहीत, स्वतःचं वय सरळ सांगत नाहीत आणि नदीत होडी घातली की प्रवाहाच्या दिशेने किती वेळ लागला आणि विरुद्ध दिशेने किती, याची नोंद केल्याशिवाय किनाऱ्याला लागत नाहीत. त्यांचा स्वभावच तसा आहे.

आधी नावं द्या. वडापावला ‘व’ आणि चहाला ‘च’ म्हणण्याचा मोह होईल. ‘३व व २च’ असं एकदा लिहून पाहा, म्हणजे मोह जाईल. आपले क्ष आणि य बरे. मात्र वहीत पहिली ओळ ‘समजा’ने सुरू करा: समजा, एका वडापावची किंमत क्ष रुपये आणि एका चहाची किंमत य रुपये. ही ओळ केवळ शिष्टाचार म्हणून लिहायची नसते. क्ष म्हणजे वडापाव नव्हे, वडापावची रुपयांतली किंमत. ‘३क्ष’चा अर्थ ‘तीन वडापाव’ असा मनात धरलात की पुढे तीन वडापाव अधिक दोन चहा बरोबर चौऱ्याऐंशी काय, असा प्रश्न पडतो आणि त्याला उत्तर नाही. रुपयांत रुपयेच मिळवता येतात. बरीच मुलं गणितात इथेच अडकतात, पण ती अडकली आहेत हे कुणाला कळत नाही, कारण पुढची आकडेमोड ती पाठ करून नीट करतात.

३क्ष + २य = ८४ … (१)
क्ष + ४य = ६८ … (२)

आता चार चहा पिणाऱ्या त्या गृहस्थाकडे नीट पाहा. तो एकटा का बसला होता, घरी काय झालं होतं, याची माहिती गणितात नाही. पण आपलं सगळं काम तोच करणार आहे, कारण वडापाव त्याने एकच खाल्ला. ज्या चलाचा सहगुणक १ असतो त्याला आधी धरायचं, हा या पद्धतीतला पहिला आणि जवळजवळ एकमेव शहाणपणा. समीकरण (२) मधून क्षला एकटा डाव्या बाजूला आणा:

क्ष = ६८ − ४य

म्हणजे गृहस्थाच्या बिलातून चार चहांचे पैसे वजा केले की उरतो तो वडापाव. यात अवघड काही नाही, आणि तरी नवशिक्या नेमका इथेच हात वर करतो. ‘पण चहाची किंमत कुठे माहीत आहे?’ नाही माहीत. किंमत म्हटलं की आपल्याला आकडा हवा असतो, आणि इथे किंमत म्हणून हातात पडतं ते एक अर्धवट वाक्य. तहसील कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर कागद पुढे केला की आतला माणूस मान वर न करता ‘पाच नंबरला विचारा’ म्हणतो, तसं क्षला विचारलं तर तो यकडे बोट दाखवतो. हे चिडण्यासारखं असलं तरी माहिती म्हणून निरुपयोगी नाही. आधी दोन अनोळखी माणसं होती. आता एकच उरला आणि दुसरा त्याच्या नावावर चालतो आहे. बाकी सगळं वाढपकाम.

आता ही ‘६८ − ४य’ नावाची चिठ्ठी घेऊन समीकरण (१) कडे जायचं आणि तिथे जिथे क्ष बसला असेल तिथून त्याला उठवून त्या जागी ही ठेवायची. पुस्तकात याला ‘किंमत ठेवून’ म्हणतात, सेमी-इंग्लिशची मुलं ‘सबस्टिट्यूट करून’ म्हणतात. ठेवताना कंसात ठेवा. कंस काढायला दोन सेकंद लागतात आणि तो विसरला तर रात्र जाते.

३(६८ − ४य) + २य = ८४
२०४ − १२य + २य = ८४
−१०य = −१२०
य = १२

चहा बारा रुपये. दोन्हीकडे वजा होतं, ते भागाकारात गेलं. घाईत एकाच बाजूचं वजा खाऊन टाकलं तर चहा उणे बारा रुपयांचा होतो, पण ती चूक मूलसुद्धा पकडतं.

कंसाबद्दल मात्र मला थोडं अधिक बोलायचं आहे. तीनने ६८ ला गुणायचं, तसंच ४य लाही गुणायचं. बाहेरचा ३ कंसातल्या पहिल्याच पदाला भेटून परत फिरतो, ही घराघरांतली चूक आहे. ती केली की ओळ अशी होते: २०४ − ४य + २य = ८४. मग −२य = −१२०, म्हणजे य = ६०. चहा साठ रुपये. ‘एअरपोर्टवर असेल,’ असं म्हणून लोक पुढे जातात. मग क्ष = ६८ − २४० = −१७२. याचा अर्थ असा की वडापाव मागितला की मालक वडापाव देतो आणि वर एकशेबहात्तर रुपये हातावर ठेवतो. असं हॉटेल सापडलं तर गणित थांबवून आधी तिकडे जावं.

यातली खरी गंमत पुढे आहे. हे −१७२ आणि ६० घेऊन तुम्ही ताळा करायला बसलात आणि समीकरण (२) निवडलंत, तर −१७२ + २४० = ६८. ताळा जुळतो! अगदी दिमाखात जुळतो. कारण क्ष तुम्ही त्याच समीकरणातून काढला होता, मग य काहीही असो, ते समीकरण खूश राहणारच. य = १००० घ्या, क्ष = −३९३२ येईल आणि (२) तक्रार करणार नाही. म्हणून ताळा करायचा तो ज्यात किंमत ठेवली त्या मूळ समीकरणात, इथे (१) मध्ये: ३ गुणिले −१७२ अधिक १२०, म्हणजे −३९६. बिल तर ८४ होतं. इथे चोर सापडतो. ‘ताळा करा’ असं सगळेच सांगतात. कुठल्या समीकरणात करा, हे सांगणारे मला फारसे भेटले नाहीत.

बरोबर उत्तराकडे या. य = १२ मिळाल्यावर निम्मे लोक पेन्सिल खाली ठेवतात. वडापाव राहिला! क्ष = ६८ − ४८ = २०. उत्तर जोडीने लिहायचं: (क्ष, य) = (२०, १२). क्रम उलटला तर वडापाव १२ रुपयांना आणि चहा २० ला जातो. आता (१) मध्ये ताळा: ६० + २४ = ८४. झालं.

आता खिडक्यांवर परत. तीन नंबरने पाच नंबरला पाठवलं, की पाच नंबरलाच जायचं. पुष्कळ लोक वळून परत तीन नंबरपुढे उभे राहतात, म्हणजे समीकरण (२) मधून काढलेली क्षची किंमत समीकरण (२) मध्येच ठेवतात. मग होतं असं:

(६८ − ४य) + ४य = ६८
६८ = ६८

य नाहीसा झाला. अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट. हे त्रिकालाबाधित सत्य आहे, पण त्याला मार्क नाहीत. पालक इथे सहसा ‘पुस्तकातच चूक दिसते’ असा निष्कर्ष काढतात. पुस्तक बरोबर असतं. ज्याच्याकडून निरोप घेतला त्यालाच तो परत सांगितला, तर नवीन काय कळणार?

पण सावधान: योग्य खिडकीवर जाऊनही कधीकधी असंच घडतं, आणि तेव्हा चूक तुमची नसते. समजा टोळक्याचं बिल २ वडापाव आणि ४ चहा मिळून १०० रुपये आणि गृहस्थाचं १ वडापाव आणि २ चहा मिळून ६० रुपये. क्ष = ६० − २य. दुसरीकडे ठेवा: १२० − ४य + ४य = १००, म्हणजे १२० = १००. असं काही आलं की खोडरबर उचलू नका. याचा अर्थ या जोडीला उकलच नाही. टोळक्याने बरोबर दुप्पट खाल्लं आणि दुपटीहून वीस रुपये कमी दिले. मालक ओळखीचा असणार. आलेख काढलात तर दोन समांतर रेषा येतात, त्या कितीही लांब नेल्या तरी भेटत नाहीत. आणि टोळक्याचं बिल १२० असतं तर १२० = १२० आलं असतं. मग दुसऱ्या बिलात नवी माहितीच नाही, एकच रेषा दोनदा काढली आणि उत्तरं अगणित.

ही पद्धत सगळीकडे वापरावी का? नाही. ३क्ष + ७य = ४१ आणि ५क्ष + ४य = ३० अशी जोडी आली तर हिच्या वाटेला जाऊ नका. इथे एकच वडापाव खाणारा कुणी नाही. क्षला एकटा करायला गेलात तर (४१ − ७य) भागिले ३ असा अपूर्णांक पुढ्यात येतो, त्याला ५ ने गुणा, मग सगळ्याला ३ ने गुणा आणि उजवीकडच्या ३० ला गुणायचं विसरा. उत्तर क्ष = २, य = ५ आहे आणि ते या रस्त्यानेही येतं, पण घाम काढून. अशा वेळी सहगुणक सारखे करून एका चलाचा लोप करावा, किंवा क्रेमरची पद्धत वापरावी. गॅब्रिएल क्रेमर हा स्विस गणिती, त्याने आपला नियम १७५० सालच्या पुस्तकात दिला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात पहिल्याच प्रकरणात तो निश्चयकांसकट येऊन बसला आहे. तीन निश्चयक काढा, दोन भागाकार करा, उत्तर तयार. विचार करावा लागत नाही, म्हणून परीक्षेत तो लाडका आहे आणि मला त्याच कारणासाठी तितकासा आवडत नाही.

शिवाय क्रेमर रेषीय समीकरणांच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही. दोन संख्यांची बेरीज ७ आणि गुणाकार १२, असं म्हटलं की निश्चयक हात जोडतात. किंमत ठेवणारा मात्र शांतपणे क्ष = ७ − य लिहितो, (७ − य)य = १२ करतो आणि वर्गसमीकरण सोडवून ३ आणि ४ घेऊन घरी येतो. पुढे वर्तुळ आणि रेषा कुठे छेदतात हे शोधतानाही हीच युक्ती. एवढं लांबपर्यंत सोबत येणारी पद्धत नववीत शिकवून दहावीत कडेला ठेवतात, हे काही मला पटत नाही.

आणि ती परदेशातून आलेली नाही, हेही मुलाला सांगायला हरकत नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात एक प्रश्न आहे. (चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, त्याचा शिलालेख तिथे आहे. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी नुसतं दर्शन घेऊन परत फिरू नये.) प्रश्न दोन मित्रांचा आहे. पहिला म्हणतो, तू मला शंभर दिलेस तर माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. तर कुणाकडे किती?

भास्कराचार्यांकडे अज्ञात राशींची कमतरता नव्हती. पहिल्या राशीला यावत्तावत् आणि पुढच्यांना काळा, निळा, पिवळा, तांबडा अशी रंगांची नावं. लिहिताना या, का, नी, पी. दोन मित्र आहेत तर ‘या’ आणि ‘का’ घेऊन मोकळे झाले असते. पण त्यांनी एकटा ‘या’च घेतला आणि पहिल्या मित्राचं धन मानलं २या − १००, दुसऱ्याचं या + १००.

इथे थांबा आणि हे पुन्हा वाचा. दुसऱ्याने शंभर दिले की त्याच्याकडे ‘या’ उरतो आणि पहिल्याकडे २या होतात. पहिली अट नाव ठेवतानाच पुरी झाली! आपण आधी दोन नावं ठेवतो, मग एक समीकरण खर्चून त्यातलं एक नाव पुसतो. त्यांनी नको असलेलं नाव ठेवलंच नाही. उरली दुसरी अट: पहिल्याने दहा दिले तर या + ११० हे २या − ११० च्या सहापट.

या + ११० = १२या − ६६०
११या = ७७०
या = ७०

पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. मुलाला हे दोन चलांनी करायला सांगा आणि तुम्ही एका चलाने करा. महिन्याभराची इभ्रत एका रात्रीत परत मिळते. शेवटी कुणी कुणाला पैसे दिले की नाही, हे ग्रंथात नाही.

वयाची गणितं राहिली, ती थोडक्यात. वडील आणि मुलगा यांच्या वयांची बेरीज ५०, पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या सातपट. क्ष = ५० − य हे सगळे लिहितात. पुढे ‘पाच वर्षांपूर्वी’ वाचून वडिलांच्या वयातून ५ वजा करतात आणि मुलाला तसाच ठेवतात. मग ४५ − य = ७य, आणि मुलगा निघतो पाच वर्षं साडेसात महिन्यांचा. पाच वर्षांपूर्वी मुलगाही पाच वर्षांनी लहान होता. ४५ − य = ७(य − ५) असं मांडा, तर मुलगा १० आणि वडील ४० येतात. यातही कंस आलाच. अंकांची अदलाबदल होणाऱ्या दोन अंकी संख्या, होड्या आणि आगगाड्या यांना वेगळं मार्गदर्शन लागत नाही. तिथेही कुठला तरी चल १ या सहगुणकाने एकटा बसलेला असतो, तो शोधा.

स्वाध्याय. मूल झोपल्यावर स्वतः सोडवा, उत्तरं विचारू नका.

१. ५ केळी आणि २ सफरचंदांचे ७० रुपये होतात. १ केळं आणि ३ सफरचंदांचे ६६ रुपये होतात. प्रत्येकाची किंमत काढा. (केळं एकच घेणारा गिऱ्हाईक कुठे आहे ते आधी पाहा.)

२. २ वह्या आणि ६ पेनांचे १७० रुपये होतात. १ वही आणि ३ पेनांचे ९० रुपये होतात. प्रत्येकाची किंमत काढा. उत्तर आलं, तर पहिल्या ओळीपासून पुन्हा करा.